टाचेवरचं लोणी

त्सेलो, संत मिखाएलच्या सणाचा दुसरा दिवस
३० सप्टेंबर १९९६

प्रिय यांगझोम,

हे पत्र आणणारा ट्रकवाला आपल्या गावचाच आहे. तुझ्या दुकानात तो नूडल्स खायला थांबेल, तेव्हा त्याला वाडगाभर जास्त वाढ. हे पत्र न उघडता पोचवल्याचं ते बक्षीस.

तर बातमी अशी, की तुझा भाचा तोमा बाप झाला. १२ तारखेला भर दुपारी लुसियाला मुलगी झाली. द्राक्षतोडणी चालू होती, सगळं गाव मळ्यात होतं आणि घरात पुरुष म्हणून मी एकटा, म्हणजे असून नसल्यासारखाच. सुईणीने मला तीनदा पाणी आणायला पाठवलं आणि तिन्ही वेळा ते पाणी अंगणात ओतून दिलं. मी आत येऊ नये एवढाच त्यामागे हेतू होता, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. मुलगी झाल्याचं कळताच मी चर्चची घंटा इतकी बडवली, की लोकांना आग लागली असं वाटलं आणि चौघं बादल्या घेऊन धावत आले. सत्तरीला टेकलेल्या, मंडळीच्या प्रमुखाला हे शोभतं का, असं लोक विचारतात. नाही शोभत.

तुझी ताई असती तर, असं रोज दहादा मनात येतं. २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, तिला जाऊन वर्ष होईल.

बाळ चांगलं आहे. खातं, झोपतं, रडतं. विशेष लिहिण्यासारखं काही नाही.

जाता जाता एक विचारायचं होतं. इथे माझा एक शेजारी आहे. त्याने कुठेतरी ऐकलं, की तुम्हा बौद्धांमध्ये माणूस गेलं की त्याच्या अंगाला लोण्याचं बोट लावतात आणि मग तेच माणूस परत जन्माला आलं तर त्या जागी पांढरट डाग असतो. हे खरं का? आणि डाग साधारण केवढा असतो? मी त्याला म्हटलं, बाबा, मी ख्रिस्ती माणूस, मला काय ठाऊक? पण माझी मेव्हणी तुमच्यातली आहे, तिला विचारतो. घाई नाही. पण लवकर कळव.

तुझा दाजी,
इसिदोर

*

देचेन, नवव्या महिन्याची शुद्ध द्वितीया
(तुमच्या हिशेबाने १४ ऑक्टोबर)

दाजी,

नातीचं अभिनंदन. ट्रकवाल्याने दोन वाडगे खाल्ले आणि पत्रातलं सगळं मला तोंडी सांगितलं. तेव्हा बक्षीस वाया गेलं.

तुमच्या घराच्या डाव्या अंगाला नदी आहे आणि उजव्या अंगाला चर्च. मग हा शेजारी कोण? मासा की संत योसेफ?

असो. त्या शेजाऱ्याला सांगा, हो, तशी रीत आहे. बहुतेक लहान मूल गेलं तर आईबाप लावतात. पुन्हा आपल्याच घरी ये, चुकू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. डाग केवढा म्हणाल, तर ज्याने लावला त्याच्या बोटाएवढा. शेजाऱ्याचं बोट केवढं आहे ते त्यालाच माहीत.

आणखी एक. तुम्ही चार पानं लिहिलीत आणि त्यात बाळाचं नाव नाही. तुमच्याकडे आठव्या दिवशी बाप्तिस्मा होतो आणि नाव तेव्हाच ठेवतात. गावात पाद्री नसतो म्हणून गेली वीस वर्षं प्रत्येक पोराच्या डोक्यावर पाणी तुम्हीच ओतता. तोमाच्या लग्नात तुम्हीच छाती फुगवून आकडा सांगितला होता, त्रेचाळीस. मग चव्वेचाळिसावी कुठे अडली? मला आमंत्रण नाही म्हणून रागावलेली नाही. आमंत्रण नाही, कारण समारंभच झालेला नाही, असं मला वाटतंय.

खरं काय ते लिहा. मला तुमची घंटा इथवर ऐकू येत नाही, पण तुमचं खोटं येतं.

यांगझोम

*

त्सेलो, २७ ऑक्टोबर १९९६

प्रिय यांगझोम,

शेजारी मीच.

आता हसून घे आणि मग पुढे वाच.

गेल्या वर्षी तुझ्या ताईला अंघोळ घालून झाली आणि तू आणखी पाणी तापवायला स्वयंपाकघरात गेलीस. खोलीत मी, ती आणि चहासाठी काढून ठेवलेल्या लोण्याची वाटी. माझ्या एका हातात जपमाळ होती. दुसऱ्या हाताचा अंगठा वाटीत कधी गेला ते मला कळलं नाही, असं लिहिणार होतो, पण खोटं तुला ऐकू येतं. मला चांगलं कळलं होतं. मी दाराकडे बघून, घाईघाईने, चोरासारखं तिच्या डाव्या टाचेला लोणी लावलं. टाच अशासाठी, की कपाळाला लावायची हिंमत नव्हती. टाच मोज्यात जाते. देवाला दिसलं तरी गावाला दिसणार नाही, हा आपल्या प्रमुखाचा विचार.

मी कोण, हे तुला माहीत आहे. दर रविवारी मी पोरांना बाकावर बसवून विचारतो, 'माणूस किती वेळा मरतो?' आणि ती एका सुरात सांगतात, 'एकदाच, आणि मग न्याय.' एकाने एकदा 'परीक्षेच्या आदल्या दिवशी रोज' असं उत्तर दिलं, तर मी त्याला बाहेर उभं केलं होतं. आता त्या बाकावर मला बसवून कुणी हाच प्रश्न विचारला तर मी खिडकीबाहेर बघेन.

बाळ जन्मलं. तिसऱ्या दिवशी सुईण तिला तेल लावत होती. डाव्या टाचेवर पांढरट डाग. माझ्या अंगठ्याएवढा. मी मोजून पाहिला, अंगठा ठेवून.

त्यानंतर मी दिवस मोजले. सर्व मृतांच्या दिवसापासून एकोणपन्नास दिवस पुढे, म्हणजे तुमच्या मते आत्मा नव्या गर्भात शिरतो तिथवर. मग बाळाच्या जन्मापासून पोटातले दिवस मागे. दोन्ही टोकं एका ठिकाणी आली. हा तुमच्या लामांचा हिशेब मी जपमाळेच्या मण्यांवर केला, यांगझोम. माळेचंच मला वाईट वाटलं.

आणि लक्षणं तरी किती सांगू? मी लॅटिन भजन म्हणायला लागलो की ती किंचाळते. तुझी ताईही म्हणायची, 'तुमच्या आवाजाने देव उठून जाईल.' मी चिलीम पेटवली की शिंकते. वाइन पिऊन आत आलो तर डोळे बारीक करून बघते, अगदी तसंच. मी चिलीम सोडली आहे. घरात यायच्या आधी पाय धुतो. अडतीस वर्षांच्या संसारात जे ऐकलं नाही ते दीड महिन्याच्या पोरीपुढे करतोय. परवा घरात कुणी नाही असं बघून पाळण्यावर वाकलो आणि विचारलं, 'आग्नेस, तळघराची किल्ली कुठे ठेवलीस?' तिने दूध ओकलं. मागे लुसिया उभी होती.

आता मुख्य अडचण. बाप्तिस्मा आत्म्यावर एकदाच उमटतो आणि कधी पुसला जात नाही. दुसऱ्यांदा देणं हे पाप, देवाच्या कामाची थट्टा. तुझ्या ताईचा बाप्तिस्मा आमच्या लग्नाच्या आधी झाला, या चर्चमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत. मग ही जर तीच असेल तर मी तिच्यावर पुन्हा पाणी कसं ओतू? आणि नसेल, तर न ओतता किती दिवस ठेवू? मी आधी थंडी आहे म्हणालो, मग तोडणी आहे, मग वाइन गाळायची आहे. आता निमित्तं संपली. लुसिया माझ्याशी बोलत नाही, चहा समोर आदळते. ताल्लीच्या फादर गाओंना पत्र टाकलंय. त्यांनाही शेजाऱ्याच्या नावानेच.

पण खरी भीती पाण्याची नाही. ती कुणालाच सांगितलेली नाही. मी आता किती वर्षं जगणार? पाच, सात? ती जर इथे पाळण्यात असेल तर मी वर जाईन तेव्हा तिथे कोण असेल? मी दारात उभा राहून तिला शोधणार आणि ती इथे सात वर्षांची होऊन बकऱ्या हाकत असणार. आणि ती तिथे असेल तर मग ही कोण, जी माझ्याकडे अशी बघते? मला ती दोन्हीकडे हवी आहे. असा हावरट माणूस दुसरा कुणी तुझ्या पाहण्यात आहे का?

इसिदोर

*

देचेन, १० नोव्हेंबर

दाजी,

किल्ली त्साम्पाच्या पिठाच्या डब्यात, तळाशी. तेवढ्यासाठी ताईने परत जन्म घ्यायची गरज नव्हती, मला विचारायचं होतंत.

लक्षणांचं म्हणाल, तर तुमचं भजन ऐकून मीही किंचाळते. मग मी कोण?

मी हसले नाही. हसायचं म्हणून बसले, पण शेवटच्या भागापाशी आल्यावर दुकानाचं दार लावून घेतलं.

पाणी ओता, दाजी. लुसिया तरुण आहे, तिचं पहिलं बाळ आहे. तुमच्या धर्मात बाप्तिस्म्याशिवाय बाळ गेलं, स्वर्गाबाहेर राहिलं, तर आईच्या जिवाला काय लागून राहतं, हे ताईने मला सांगितलं होतं. तिला तुमच्या शंकेत कशाला शिजवता?

लामांना मी काही विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. एक गोष्ट मात्र मला तुम्हाला सांगायची आहे. पत्रात लिहायला हात धजत नाही. नव्या वर्षाला इकडे या, तेव्हा समोर बसून सांगेन. तोवर पाणी ओता.

यांगझोम

*

त्सेलो, १ डिसेंबर १९९६

प्रिय यांगझोम,

पाणी ओतलं. कसं ते ऐक.

गेल्या आठवड्यात बाळाला ताप भरला. आधी नाक, मग खोकला, मग छातीत घरघर. तोमा मोटारसायकलवरून डॉक्टरला आणायला नदीपलीकडे गेला. दुपारची वेळ. मी कोपऱ्यात बसून प्रार्थना करत होतो, म्हणजे ओठ हलवत होतो. लुसिया उठली, वाडग्यात पाणी घेऊन आली आणि तो माझ्या हातात ठेवला.

'बाबा, घ्या.'

मी म्हटलं, 'डॉक्टर येतोय. जरा थांबू या.'

'अडीच महिने थांबले,' ती म्हणाली. 'तुम्ही हिला आग्नेस म्हणता ते मी ऐकलंय. मी काही बहिरी नाही. सासूबाई मलाही हव्या होत्या. बाळंतपणात त्यांच्या नावाने रडले मी. पण बाबा, ही माझी मुलगी आहे. तुमची बायको नाही. ही गेली तर माझी जाईल.'

यांगझोम, मी एका हाताने खिसा चाचपला. फादर गाओंचं उत्तर दोनच दिवस आधी आलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'तुझ्या शेजाऱ्याला माणूस एकदाच मरतो हे पुन्हा शिकव. त्याला पन्नास जपमाळा सांग आणि सोबत म्हणून तूही पन्नास कर.' पुढे असंही होतं, की एखाद्याचा बाप्तिस्मा आधी झाला आहे की नाही अशी शंका असेल, तर चर्चने एक वाक्य दिलेलं आहे: 'तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो.' सापडलेल्या पोरांसाठी असतं ते. तो कागद माझ्या खिशात होता. मी किती खूश झालो होतो ते सांगायला नको. त्या एका 'तर'मध्ये माझं सगळं बसत होतं. आग्नेस असेल तर पाप नाही, नसेल तर बाप्तिस्मा झाला. स्वर्गही माझा, पाळणाही माझा. इतकं सोयीचं वाक्य चर्चने माझ्यासाठीच राखून ठेवलं होतं असं वाटलं.

वाडगा धरला आणि बाळाकडे पाहिलं. तिचे ओठ निळसर झाले होते आणि ती घाबरली होती. तुझी ताई कशालाच घाबरली नाही. मरताना मलाच धीर देत होती. ही घाबरली होती, कारण ती अडीच महिन्यांची होती आणि तिला पहिल्यांदाच श्वास लागला होता. याआधी तिला काहीच झालेलं नव्हतं. कधीच, कुठल्याच जन्मात. ते मला तिच्या तोंडावर दिसलं. एवढे दिवस मी त्या तोंडाकडे बघत होतो आणि ते पाहिलं नव्हतं.

मी 'तर' म्हटलं नाही. साधं म्हटलं, जसं त्रेचाळीस वेळा म्हटलंय. नाव लुसियाने सांगितलं, फिलोमेना. आईच्या मांडीवर पाणी सांडलं, माझ्या बाहीत गेलं, बाळाच्या डोक्यावर थोडं पडलं. पुरेसं पडलं.

डॉक्टर आला, इंजेक्शन दिलं. तीन दिवसांनी ताप उतरला. आता दूध पिते आणि माझ्या भजनाला किंचाळते. किंचाळू दे. ते तिचं स्वतःचं मत आहे.

तू मला काहीतरी सांगणार होतीस. मला कळलंय ते. तुझ्या कुठल्यातरी लामाने सांगितलं असणार, की तीच आली आहे. सांगू नकोस. मी त्या पाण्याबरोबर तिला या घरातून जाऊ दिलं. आता ती इथे नाही, हे मला माहीत आहे. तिथे आहे की नाही, ते माहीत नाही. पोरांना रविवारी सांगतो, आहे. तेवढ्या वेळापुरतं मलाही पटतं. मग घरी येतो आणि तिच्या बाजूची गादी रिकामी असते. पन्नासपैकी एकतीस जपमाळा झाल्या.

चिलीम पुन्हा ओढावी की काय, या विचारात आहे.

तुझा दाजी,
इसिदोर

*

देचेन, ९ डिसेंबर

दाजी,

पोरगी बरी आहे वाचून मी दुकानात बसलेल्या सगळ्या ट्रकवाल्यांना चहा पाजला. चिलीम ओढू नका.

तुम्ही सांगू नकोस म्हणता, पण तुम्ही ओळखलंत ते साफ चुकीचं आहे. लामाबिमा काही नाही. आणि समोर बसून सांगायचं धैर्य मला नव्या वर्षापर्यंतही येणार नाही, म्हणून लिहिते.

त्या दिवशी मी पाणी घेऊन परत आले, तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून जोरजोरात प्रार्थना म्हणत होतात. एवढ्या मोठ्याने तुम्ही कधीच म्हणत नाही, तेव्हाच मला संशय आला. ताईला मोजे मी चढवले. डावी टाच हाताला बुळबुळीत लागली. मी ती गरम पाण्याने पुसली, दोनदा. मग कोरड्या फडक्याने. कणभरही ठेवलं नाही. तुमचं लोणी तिच्याबरोबर गेलंच नाही, दाजी.

मग फिलोमेनाच्या टाचेवर काय आहे? जे माझ्या डाव्या टाचेवर आहे, तेच. आमच्या आईच्याही होतं. आमच्याकडे मध्ये मध्ये कुणालातरी येतं. ताईला नव्हतं, मला आहे. तुम्ही दर वर्षी पवित्र गुरुवारी गावातल्या बारा पुरुषांचे पाय धुता, पण घरातल्या बायकांच्या टाचा तुम्ही कधी पाहिल्या नाहीत. तेव्हा तुम्हाला कोणाला परत आणायचंच असेल, तर डागावरून ती माझी आई ठरते. तुमच्या सासूबाई. प्यायलेल्या माणसाकडे डोळे बारीक करून बघायची सवय मूळची तिचीच. एक बरं आहे, तिचा बाप्तिस्मा कधीच झालेला नव्हता, त्यामुळे तुमचं पाणी वाया गेलं नाही.

हसलात ना? आता ऐका.

मी ते माझ्या मनाने पुसलं नाही. ताईने सांगून ठेवलं होतं. शेवटच्या आठवड्यात तुम्ही औषध आणायला गेला होतात, तेव्हा. ती म्हणाली, 'यांगझोम, ह्यांचा भरवसा नाही. धर्म शिकवतात, पण घाबरले की लहान पोर होतात. मी गेले की काहीतरी खूण करून ठेवतील. दिसली तर पुसून टाक. मी त्यांना शब्द दिलाय, तिकडे थांबते म्हणून. मी इकडे परत आले आणि ते तिकडे जाऊन उभे राहिले, तर बोलणार कोणाशी? त्यांना अनोळखी माणसांत दोन वाक्यं नीट बोलता येत नाहीत.'

मी म्हटलं, 'ताई, आणि मी?'

कारण तुम्हाला माहीत नाही, दाजी, पण वाटीत अंगठा बुडवायचा विचार तुमच्या आधी माझ्या मनात आला होता. मला मूल नाही, नवरा नाही. मला एक बहीण होती. ती परत आली असती, कुठेही, कुणाच्याही पोटी, तर मी तिला शोधून काढलं असतं. माझ्या धर्मात मला तेवढा हक्क होता.

तिने माझा हात धरला. मग म्हणाली, 'तू एकटी राहू शकतेस. त्यांना जमत नाही.'

म्हणून पुसलं. वर्षभर कोणाला बोलले नाही. तुमचं दुसरं पत्र आलं, टाच, डाग, लोणी, तेव्हा क्षणभर मलाही वाटलं, की माझं पुसणं कमी पडलं. किती आनंद झाला ते सांगत नाही. मग मोजा काढून माझी टाच बघितली आणि दुकान उघडलं.

तुमच्या स्वर्गावर माझा विश्वास नाही. कितीदा भांडलो आपण त्यावरून, ताई चहा ओतत असायची. पण आता मी त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही, कारण तो नसला तर मी माझी बहीण फुकट घालवली. तेव्हा तो आहे, दाजी. ती तिथेच आहे. घाई करू नका, पण नीट जा, रस्ता चुकू नका, ती वाट बघतेय. माझी आणि तिची भेट आता होणार नाही. भेटलात की तिला सांगा, यांगझोमने सांगितलं तसं केलं.

यांगझोम